अंगमर्दन आणि त्याची आठवण

आश्विन वद्य चतुर्दशीची पहाट, न्हाणीघरापाशीं मांडलेला पाट, पणतीचा मंद उजेड, आणि पाठीवरून फिरणारा आईचा किंवा आजीचा तेलाचा हात, हें चित्र ज्याच्या मनांत नाहीं असा मराठी मनुष्य विरळाच सांपडेल. त्या पहाटे वाटींत तेल कोणतें होतें, उटण्यांत काय काय घातलें होतें, पाणी किती कढत होतें, हें विचारलें तर पुष्कळांना सांगतां येणार नाहीं. पण तो हात मात्र साठीच्या घरांतल्या माणसालाहि आठवतो. तो खरखरीत होता कीं मऊ, घाईचा होता कीं निवांत, टाळूवर तेल जिरवतांना किती सावकाश फिरत असे, हें सारें देहानें जपून ठेवलेलें असतें.

गेल्या कांहीं वर्षांत मुंबई-पुण्यांतच नव्हे, तर नाशिक, कोल्हापूर, पणजी अशा शहरांतूनहि ‘स्पा’ या नांवाचीं मर्दनगृहें निघालीं आहेत. तेथें दिवे मंद असतात, हवेंत गवती चहाचा किंवा लव्हेंडरचा वास असतो, भिंतींतून झऱ्याचा यांत्रिक खळखळाट ऐकूं येतो, आणि दाराशीं घंगाळांतील पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या तरंगत असतात. ही सजावट वाईट आहे असें नव्हे. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, एवढा थाट पाहून आलेला ग्राहक पंधरा दिवसांत ती जागा विसरतो, आणि चौपाटीवर तेलाच्या बाटल्या घेऊन बसणाऱ्या एखाद्या साध्या मालिशवाल्याचें नांव मात्र वर्षानुवर्षें काढतो. मर्दनाचा धंदा पाटीवर चालत नाहीं; तो परत येणाऱ्या माणसावर चालतो. म्हणून ग्राहकाच्या लक्षांत काय राहतें व कां राहतें, हा प्रश्न मालिश करणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या पोटापाण्याचा आहे. आणि तासभर आपला देह परक्या हातीं सोंपविणाऱ्या ग्राहकालाहि तो कमी महत्त्वाचा नाहीं.

‘स्पा’ हें मुळांत एका गांवाचें नांव. बेल्जम देशाच्या पूर्वेकडील डोंगराळ भागांत या नांवाचें गांव असून तेथील लोहयुक्त पाण्याच्या झऱ्यांची कीर्ति शतकानुशतकें युरोपभर होती. २०२१ सालीं युनेस्कोनें सात देशांतील अकरा स्नाननगरें जागतिक वारशाच्या यादींत घातलीं, त्यांत हें गांवहि आहे. अशा गांवांतून झऱ्याचें पाणी पिणें व पाण्यांत बसणें हाच मुख्य उपचार असे. आपल्याकडे आधीं तेल व मग पाणी; ‘अभ्यंगस्नान’ या शब्दांतच तो क्रम बांधलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पांचव्या अध्यायांत, तेल मुरलेली घागर, तेल चोळलेलें चामडें आणि वंगण दिलेला गाडीचा आंस यांची उपमा शरीराला दिली आहे; आणि स्पर्शाचें इंद्रिय त्वचेच्या आश्रयानें असतें म्हणून अभ्यंग त्वचेला विशेष हितकर, असें कारणहि तेथें सांगितलें आहे. वाग्भटानें अष्टांगहृदयांतील दिनचर्येच्या अध्यायांत डोकें, कान व पाय यांना तेल लावण्यावर भर दिला आहे, आणि त्याच ठिकाणीं अजीर्ण झालेल्यानें व कफानें पीडलेल्यानें अभ्यंग टाळावा असा निषेधहि घातला आहे. मर्दन कोणाला करूं नये हें सांगितल्यावांचून शास्त्र पुरें होत नाहीं, हें त्या ग्रंथकारांना ठाऊक होतें. आजच्या रंगीत दरपत्रकांना तें बहुधा ठाऊक नसतें.

ही भारतीय विद्या परदेशीं नेऊन तिच्यावर नांव कमावणाऱ्या एका पुरुषाची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. शेख दीन महंमद यांचा जन्म १७५९ सालीं पाटण्यास झाला. लहान वयांतच ते कंपनीच्या बंगाली फौजेबरोबर राहूं लागले, आणि १७८४ सालीं एका आयरिश अधिकाऱ्याच्या पाठोपाठ आयर्लंडांत कॉर्क शहरीं जाऊन स्थायिक झाले. १७९४ सालीं त्यांनीं आपल्या प्रवासाचें पुस्तक इंग्रजींत छापलें. पुढें लंडनला येऊन १८१० सालीं त्यांनीं ‘हिंदुस्तानी कॉफी हाऊस’ काढलें. तेथें मसालेदार जेवण मिळे व हुक्काहि ओढतां येई. पण लंडनकरांनीं तें उचलून धरलें नाहीं, आणि १८१२ सालीं दीन महंमद यांचें दिवाळें वाजलें. वय पन्नाशी ओलांडलेलें, बायकामुलांचा संसार, मुलूख परका. अशा अवस्थेंत ते १८१४ च्या सुमारास ब्रायटन या समुद्रकांठच्या शहरीं गेले आणि तेथें त्यांनीं वाफेच्या स्नानाचें व मर्दनाचें दुकान थाटलें.

त्यांची रीत मोठी विचारपूर्वक योजलेली होती. रोग्याला प्रथम औषधी वनस्पतींच्या वाफेंत बसवीत. भोंवतीं फलानिनचा तंबूसारखा आडपडदा असे, व त्याला दोन बाह्या शिवलेल्या असत. मर्दन करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आंत घाली. वाफ बाहेर पडत नसे, रोग्याला थंडी वाजत नसे, आणि त्याचें उघडें अंगहि कोणाच्या दृष्टीस पडत नसे. स्त्रियांचा विभाग निराळा होता व त्यावर दीन महंमद यांच्या पत्नी जेन यांची देखरेख असे. परक्या देशांतल्या परक्या वर्णाच्या माणसापुढें देह उघडा करावयाचा हा त्या काळच्या इंग्रज बाईपुढचा केवढा मोठा संकोच! तो संकोच ओळखून त्यावर आधींच तोड काढणें, यांत दीन महंमद यांच्या चातुर्याचा मोठा भाग होता. स्नानगृहाच्या दर्शनी भागांत बऱ्या होऊन गेलेल्यांच्या कुबड्या मांडून ठेवलेल्या असत, आणि आलेल्या पाहुण्यांनीं आपला अभिप्राय लिहावा म्हणून वह्याहि ठेविलेल्या असत. १८२२ सालीं त्यांनीं आपल्या उपचारावर स्वतंत्र पुस्तक छापलें. चौथा जॉर्ज व त्यानंतर चौथा विल्यम या दोघां राजांनीं त्यांना आपले मर्दनवैद्य नेमलें. १८५१ सालीं ब्रायटन येथेंच त्यांचें देहावसान झालें.

मर्दनानें जे जे रोग बरे होतात म्हणून त्यांच्या पुस्तकांत म्हटलें आहे, ते सगळे तसे बरे होतात असें आज कोणी डॉक्टर म्हणणार नाहीं. (मौजेची गोष्ट अशी कीं, त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद हा लंडनच्या गाय रुग्णालयांत डॉक्टर झाला व रक्तदाबावरील आरंभींच्या संशोधनांत त्यानें मोठी कामगिरी केली.) पण इंग्रजी भाषेंत ‘शॅम्पू’ हा शब्द त्या काळीं अंग चेपण्याच्याच अर्थानें चालत असे. तो हिंदींतील ‘चाँपो’ या आज्ञार्थावरून गेलेला. अर्थानें आपल्या ‘चेपणें’ या क्रियापदाचें सख्खें भावंड. केस धुण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. ‘चंपी’ हा शब्द मात्र आपल्याकडे मूळच्या अर्थानेंच राहिला, आणि १९५७ सालच्या ‘प्यासा’ चित्रपटांत जॉनी वॉकर यांनीं रंगविलेल्या चंपीवाल्यामुळें तर तो घरोघर पोंचला.

आज दरपत्रकावर ‘स्वीडिश मसाज’ हें नांव सर्वत्र दिसतें. त्याचें श्रेय स्टॉकहोम येथें १८१३ सालीं व्यायामाची संस्था काढणाऱ्या पेर हेन्रिक लिंग यांना देण्याची प्रथा आहे. पण त्यांतील हालचालींना सध्यां रूढ असलेलीं फ्रेंच नांवें देण्याचें श्रेय योहान गेऑर्ग मेझ्गर या डच डॉक्टराकडे जातें. त्या नांवांनीं दडपून जाण्याचें कारण नाहीं. तळहात लांबवर फिरविणें, कणकेसारखें मळणें, एके जागीं घासणें आणि थोपटणें, एवढाच त्यांचा अर्थ. आपल्या तालमींतून वस्तादाच्या पठ्ठ्यांना हें सर्व नांवांवांचून येत आलें आहे.

नांवें कोणतींहि असोत, हात पडतो तो त्वचेवर. आणि त्वचेविषयीं आधुनिक विज्ञानानें जें शोधून काढलें आहे तें या धंद्याला फार उपयोगाचें आहे. बाहू, पाठ, मांड्या यांच्यासारख्या लव असलेल्या त्वचेंत अतिशय बारीक व मंद गतीनें संदेश वाहणारे एक प्रकारचे मज्जातंतु असतात. वस्तु टोंकदार आहे कीं बोथट, ती नेमकी कोठें लागली, हें सांगण्याचें काम दुसऱ्या तंतूंचें. हे तंतु हळुवार कुरवाळण्यानें जागे होतात व त्यांचा संबंध सुखाच्या भावनेशीं आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मऊ ब्रश निरनिराळ्या वेगांनीं हातावरून फिरविला. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाला हे तंतु सर्वांत अधिक जागे झाले, आणि लोकांनाहि तोच वेग सर्वांत सुखद वाटला. त्याहून जलद किंवा त्याहून मंद फिरवितांच दोन्ही गोष्टी उतरल्या. पुढें असेंहि आढळलें कीं, स्पर्श करणारी वस्तु त्वचेइतकीच, म्हणजे सुमारें ३२ अंश सेल्सिअस उबदार असली, कीं या तंतूंचा प्रतिसाद उत्तम असतो.

याचा साधा हिशेब असा. मनगटापासून कोंपरापर्यंतचें अंतर अदमासें २५ सेंटिमीटर धरलें, तर सेकंदाला ३ सेंटिमीटर या गतीनें हात तेथें पोंचण्यास आठ सेकंद लागतात. घड्याळ समोर ठेवून कोणीहि आपल्याच हातावर हा प्रयोग करून पहावा. आठ सेकंद हा केवढा दीर्घ अवधि आहे हें तेव्हां कळतें. नवशिका मनुष्य हेंच अंतर एका सेकंदांत कापतो, आणि ग्राहकाला वाटतें कीं आपल्याला कोणी पुसून काढीत आहे. खोल मळण्याला हा नियम लागू नाहीं, तें काम स्नायूंचें आहे. पण आरंभीं तेल पसरतांना, एका अवयवावरून दुसऱ्याकडे जातांना व शेवटीं हात काढून घेतांना ही गति पाळली, तर सर्व तासाचा रंगच पालटतो. थंड हात व थंड तेल यांनीं काय होतें हेंहि यावरून उघड होईल. तेलाची वाटी कढत पाण्यांत ठेवून कोमट करावी, आपल्या मनगटाच्या आंतल्या बाजूवर थेंब टाकून पहावा, आणि तेल प्रथम स्वतःच्या तळहातावर घेऊन मग अंगाला लावावें. उघड्या पाठीवर वरून धार धरूं नये.

आतां आठवणीची गोष्ट. डॅनिएल काहनेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं एक चमत्कारिक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदां १४ अंशांच्या थंडगार पाण्यांत ६० सेकंद हात बुडवून ठेवावयास सांगितलें. दुसऱ्या वेळीं तसेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद. मात्र या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलें. तेंहि त्रासदायकच होतें, फक्त थोडें कमी. मग विचारलें, या दोहोंपैकीं एक प्रकार पुन्हां करावयाचा तर कोणता करणार? बहुतेकांनीं अधिक लांबलेला प्रकार पत्करला. १९९६ सालीं एका वेदनादायक वैद्यकीय तपासणीवर असाच अभ्यास झाला, तेव्हांहि दिसून आलें कीं, तपासणी किती वेळ चालली हें रोग्यांच्या आठवणींत फारसें उरत नाहीं. सर्वांत तीव्र क्षण आणि अखेरचे क्षण यांवर आठवण बेतलेली असते. हे प्रयोग दुःखाचे आहेत, व सुखाला ते जसेच्या तसे लावणें धाडसाचें होईल. तरीहि ज्या मर्दनगृहांत साठ मिनिटें संपतांच घंटी वाजते, दिवे झगझगीत होतात, आणि पुढचें गिऱ्हाईक ताटकळत आहे म्हणून कपडे घालण्याची घाई केली जाते, तेथें ग्राहक घरीं काय घेऊन जात असेल याची कल्पना या प्रयोगांवरून येण्यासारखी आहे. पंचावन्न मिनिटांचें उत्तम काम शेवटच्या पांच मिनिटांत वायां जातें. त्यापेक्षां दहा मिनिटें आधीं जोराचें काम थांबवावें, पाठीवरून पायापर्यंत लांब व सावकाश हात फिरवावे, आणि अखेरीस दोन्ही तळहात पावलांवर किंवा खांद्यांवर क्षणभर स्थिर ठेवून मग ते उचलावे.

आरंभाचें महत्त्व शेवटाहून कमी नाहीं. फक्त तें निराळ्या जातीचें आहे. येथें कसोटी हाताची नसून कानाची असते. आपल्या भाषेंत अंगाच्या तक्रारींना किती नेमके शब्द आहेत! अंग आंबतें, पाय शिणतात, मान अवघडते, पाठींत उसण भरते, कमरेंत चमक निघते, पोटरींत गोळा येतो, खांदा भरून येतो, गुडघा ठणकतो, हाताला मुंग्या येतात, बोट बधिर होतें. मर्दनकारानें या शब्दांतील भेद जाणला नाहीं, तर तो कितीहि बळकट असला तरी आंधळ्या बळाचा धनी होय. अंग आंबलें असेल तर सर्वांगाला सौम्य मर्दन पुरतें. मान अवघडली असेल तर मानेवर तुटून पडण्यापेक्षां आधीं खांदे व पाठीचा वरचा भाग सैल करावा लागतो. पोटरींत गोळा आला असेल तर पाऊल हळूच वर, नडगीकडे, ताणून धरल्यानें तो सुटतो. रगडण्याचें काम नंतरचें. उसण नुकतीच भरली असेल तर जोर लावणें म्हणजे आगींत तेल ओतणें आहे.

आणि कांहीं शब्द असे आहेत कीं ते कानीं पडतांच हात मागें घ्यावा. हातापायांत मुंग्या येतात, बधिरपणा आहे, शक्ति गेल्यासारखी वाटते, असें कोणी म्हटलें तर तें डॉक्टराचें काम आहे. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम व दुखरी असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर, तर आंतल्या शिरेंत रक्ताची गुठळी झालेली असण्याचा संभव असतो. ती रगडल्यानें सुटून फुप्फुसापर्यंत गेली तर प्राणाशीं गांठ पडते. ताप, त्वचेवरील संसर्ग, नुकतें मोडलेलें हाड, ही त्याच यादींतलीं कारणें. फुगलेल्या शिरांवर दाब देऊं नये. गर्भवती स्त्रीला डॉक्टरांचा सल्ला असल्याखेरीज व तिच्यासाठींचें वेगळें शिक्षण घेतल्याखेरीज हात लावूं नये. मानेला झटका देऊन ‘कडकड’ आवाज काढण्याची जी हौस कांहीं केशकर्तनालयांतून अजून दिसते, ती तर सर्वथा वर्ज्य समजावी. मानेंतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना त्यानें इजा होऊं शकते. तेल लावण्यापूर्वीं बदाम, तीळ वगैरेंचें वावडें आहे काय, हेंहि विचारून घ्यावें. कोणी म्हणेल, इतकी चौकशी केली तर गिऱ्हाईक कंटाळून जाईल. अनुभव याच्या उलट आहे. ज्याला दोन मिनिटें नीट विचारलें गेलें, तो मनुष्य मेजावर पडण्याच्या आधींच अर्धा सैल झालेला असतो. ‘आज आपल्याला मर्दन करतां येणार नाहीं, आधीं डॉक्टरांना पाय दाखवा’, असें सांगून पैसे परत करणारा मालिशवाला त्या दिवशीं एक गिऱ्हाईक गमावतो, पण त्या माणसाचें सारें घर त्याला जन्मभर विसरत नाहीं.

लज्जेचा प्रश्न दीन महंमद यांनीं बाह्या शिवून सोडविला. आज तो चादरीनें सोडवावा लागतो. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा, बाकीचें शरीर झांकलेलें, हा नियम आहे, व त्यांत थंडी न वाजण्याचाहि फायदा आहे. कारण निश्चल पडलेल्या व तेल लावलेल्या माणसाचें अंग लवकर गार पडतें. कोणत्या भागाला हात लावलेला चालणार नाहीं हें आधींच विचारावें. पुष्कळांना पोटाला हात लावलेला खपत नाहीं, कांहींना तळपायांना गुदगुल्या होतात, कांहींना केसांना तेल नको असतें. स्त्री ग्राहकाला स्त्री मर्दनकार मिळण्याची सोय तिनें मागितल्यावांचून पुढें करावी. आणि सभ्यता ही दोन्ही बाजूंनीं पाळण्याची गोष्ट आहे. या धंद्यांतील बायकांना जें ऐकावें व सोसावें लागतें, तें सुशिक्षित म्हणविणाऱ्या समाजाला खालीं मान घालावयास लावणारें आहे. ज्या हातांत आपण उघडें अंग देतों त्याला ‘अरे’ म्हणून हांक मारणारा गृहस्थहि याच समाजांतला.

मर्दन चालू असतांना किती बोलावें? थोडक्यांत सांगावयाचें तर ग्राहक बोलेल तितकेंच. दाबाविषयीं एकदां आरंभीं व एकदां मध्यें विचारावें. पण ‘ठीक आहे ना?’ असें विचारल्यास भिडस्त मनुष्य ‘हो’ म्हणूनच मोकळा होतो. ‘दाब थोडा कमी करूं कीं वाढवूं?’ असें विचारलें म्हणजे खरें उत्तर येतें. शिवाय तोंडापेक्षां शरीर अधिक खरें बोलतें. श्वास रोखला गेला, मूठ वळली, पायाचीं बोटें आंत ओढलीं गेलीं, तर तोंडानें कांहींहि सांगितलें तरी दाब अधिक झाला असें समजावें. जपानांत एदो काळापासून मर्दन हा अंध लोकांचा परंपरागत व्यवसाय राहिला आहे. सतराव्या शतकांतील सुगियामा वाइची या अंध सुईवैद्यानें अंधांसाठीं या विद्येच्या शाळा काढल्या होत्या. ज्याला ग्राहकाचा चेहरा दिसत नाहीं, त्याला श्वास ऐकावा लागतो आणि स्नायूचा ताण बोटांनीं वाचावा लागतो. डोळस मालिशवाल्यानेंहि अधूनमधून डोळे मिटून काम करून पहावें.

आपल्या घरांतून बाळंतिणीला व बाळाला तेल लावावयास येणारी बाई या बाबतींत कोणत्याहि शाळेंत न जातां पुष्कळ शिकलेली असते. ती पाटावर बसते, पाय लांब पसरते व बाळाला आपल्या नडग्यांवर घेते. तेलासाठीं एक हात वाटीकडे गेला तरी दुसरा बाळाच्या छातीवर किंवा पोटावर असतोच. दोन्ही हात एकदम निघाले तर बाळ दचकतें, हें ती जाणते. मोठा मनुष्य दचकून रडत नाहीं एवढेंच. पण पालथा पडलेला, कांहीं न दिसणारा ग्राहक, हात मध्येंच नाहींसे झाले म्हणजे झोंपेच्या कांठावरून मागें येतो आणि आतां हात कोठें पडेल याची वाट पाहूं लागतो. बाजू बदलतांना एक तळहात अंगावर टेंकलेला ठेवून फिरणें, ही क्षुल्लक दिसणारी संवय कुशल व अकुशल यांतील भेद चटकन् दाखविते. पालथें असतांना घोट्यांखालीं व उताणें असतांना गुडघ्यांखालीं गुंडाळलेला टॉवेल ठेवणें हीहि तशीच बाब. त्यानें कमरेवरचा ताण जातो.

या सगळ्यांत खुद्द मर्दनकाराच्या हातांचा विचार फार थोडे करतात. दिवसाला पांच-सहा माणसांना रगडणाऱ्याच्या अंगठ्याचे सांधे व मनगटें कांहीं वर्षांतच कुरकुरूं लागतात. ज्याचा हात दुखतो त्याचा स्पर्श सुखाचा होत नाहीं. मेज फार उंच असलें तर खांदे उचलले जातात, फार ठेंगणें असलें तर कंबर वांकते; ताठ उभें राहून हात सोडल्यावर वळलेल्या मुठीचीं पेरें मेजाला टेंकतील इतकी उंची बहुतेकांना सोयीची पडते. जोर अंगठ्यानें लावण्यापेक्षां पाय मागेंपुढें रोवून सर्व देहाचा भार तळहातावर किंवा कोंपराच्या खालच्या बाजूवर सोडावा. तालमींतील जुनी माणसें तसेंच करीत. मालकानेंहि दोन ग्राहकांच्या मध्यें पंधरा मिनिटें मोकळीं ठेवावीं. तेवढ्यांत चादर बदलून होते, हात धुवून होतात, आणि मागच्याची घाई पुढच्याच्या अंगावर उतरत नाहीं.

मर्दन संपल्यावर शरीरांतील ‘विषें’ बाहेर पडतात, म्हणून भरपूर पाणी प्या, असें सांगण्याची चाल पडली आहे. पाणी अवश्य द्यावें, तहान लागलेली असते. पण विषांची गोष्ट निराधार आहे. तें काम यकृत व मूत्रपिंडें अहोरात्र करीत असतात, त्यांना मालिशवाल्याची गरज नाहीं. सैल झाल्याचें सुख, कांहीं काळ हलका झालेला ताण, कित्येकांना लागणारी गाढ झोंप, हें काय थोडें आहे? त्यावर खोट्या औषधाचा शिक्का मारला कीं विचारी ग्राहकाचा खऱ्यावरचाहि विश्वास उडतो.

उठण्याची वेळहि जपण्याची असते. बराच वेळ आडवा पडलेला मनुष्य एकदम उभा राहिला तर रक्तदाब उतरून त्याला घेरी येऊं शकते. वृद्धांना तर विशेष. त्याला आधीं कुशीवर वळूं द्यावें, मग मेजाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसूं द्यावें. तळपायांचें तेल पुसून टाकावें. गुळगुळीत फरशीवर तेलाच्या पायांनीं घसरून पडणें ही स्पाची आठवण कोणालाच नको असते. दिवे हळूहळू वाढवावे. बिलाची व पुढच्या खेपेच्या सवलतीची बोलणीं खोलीबाहेर व्हावींत, आणि तींहि थोडक्यांत.

मग ग्राहक गेल्यावर मर्दनकारानें एक लहानशी वही उघडावी. दीन महंमद यांच्या वहींत ग्राहक लिहीत; या वहींत मालिश करणाऱ्यानें लिहावयाचें. दोन ओळी पुरतात: डावा खांदा उजव्याहून कठीण, दिवसभर बैठें काम, तळपायांना गुदगुल्या, डोक्याला तेल नको, बोलणें आवडत नाहीं. ही वही इतर कोणाच्या हातीं पडूं नये, हें सांगावयास नको. महिन्या-दीड महिन्यानें तोच मनुष्य पुन्हां येतो. तो कांहीं बोलण्यापूर्वींच त्याला विचारलें जातें, ‘मागल्या खेपेला डावा खांदा फार भरून आला होता, आतां कसा आहे?’ तो गृहस्थ क्षणभर थबकतो, नकळत आपला उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवतो, आणि सांगूं लागतो.